एकदाच झेलणारा पट्टा

साहेब, मेलेल्याला उठवून कामावर पाठवण्याचा गुन्हा तुम्ही केला आहे, आणि तोही दिवसाढवळ्या, हातात चहाचा कप धरून. मी कोण आहे हे तुम्हाला पक्के ठाऊक होते. माझ्या कडीला बांधलेली लाल चिठ्ठी तुम्ही स्वतः तोडलीत आणि कचऱ्याच्या डब्याकडे भिरकावलीत. नेम चुकला, तेव्हा बुटाच्या टोकाने ती टेबलाखाली सारलीत. मला डोळे नाहीत म्हणून कोणी पाहिलेच नाही असे समजू नका. मी सगळे पाहिले आहे, आणि आज सगळे सांगणार आहे.

मित्रांनो, तुम्ही दचकू नका. हा राग तुमच्यावर नाही. पण तुम्ही ऐकायलाच हवे, कारण तुमच्यापैकी कुणाचे बाबा, कुणाचा मामा, कुणाची मावशी आज या क्षणी उंचावर उभे राहून काम करत असतील, आणि त्यांच्या पाठीवर माझाच एखादा भाऊ असेल.

मी एक जुना सुरक्षा पट्टा. इमारतीच्या कामावरची माणसे मला बेल्ट म्हणतात. पँट घसरू नये म्हणून कमरेला आवळतात तो मी नव्हे. मी खांद्यांवरून उतरतो, छातीवर बंद होतो, दोन्ही मांड्यांना मिठी मारतो, आणि पाठीवर मिरवतो एक लोखंडी कडी. कडीला दोरी, दोरीच्या टोकाला आकडा, आणि तो आकडा एखाद्या भक्कम तुळईला. माणसाचा पाय सुटला की बाकी सगळे जग वर निघून जाते आणि उरतो फक्त मी. फुशारकी वाटली तर वाटू द्या. ज्याने काम केले आहे त्याने फुशारकी मारायची नाही, तर काय न करणाऱ्याने मारायची?

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. ओळीने शिलाई यंत्रे आणि त्यांच्यामागे ओळीने बाया, सगळ्यांच्या कानांत कापसाचे बोळे. मला शिवले एका जाड भिंगाच्या चष्मेवालीने. माझे खांदे, छाती, मांड्या तिने अशा दोऱ्याने शिवल्या की हत्तीने ओढले तरी मी हूं की चूं करू नये. पण पाठीवर, कडीच्या खाली, तिने एक विचित्र प्रकार केला. पट्ट्याची छोटीशी घडी घातली, घडीच्या पोटात लाल कापडाची पट्टी ठेवली, आणि वरून कच्च्या दोऱ्याचे काही टाके मारून मोकळी झाली. मला फार अपमान वाटला. सगळे अंग पक्के आणि नेमकी पाठच कच्ची? बाईला डुलकी लागली असावी असे मला वाटले.

शेजारच्या यंत्रावर नव्याने लागलेल्या मुलीलाही तेच वाटले. तिने भीत भीत विचारले. चष्मेवालीने यंत्र थांबवले आणि कानातला बोळा काढला.

"ही घडी उसवण्यासाठीच शिवायची असते, बाळ. माणूस पडला, झटका बसला, की ही आधी उसवते आणि आतला लाल रंग दिसायला लागतो. म्हणजे बघणाऱ्याला कळतं, याने एकदा माणूस झेललाय, आता याला पुन्हा घालायचं नाही. पट्टा कितीही शहाणा असला तरी त्याला बोलता येत नाही ना? म्हणून त्याची जीभ आपण शिवून द्यायची."

त्या दिवसापासून त्या कच्च्या टाक्यांचा मला सर्वांत जास्त अभिमान वाटू लागला.

मी वाट्याला आलो एका परांचीवाल्याच्या. इमारतीच्या बाहेरून नळ्या आणि फळ्या जोडून जी परांची उभी करतात, ती बांधणारा हा माणूस. इतरांना चालायला जागा आधी हा करून देणार, आणि स्वतः मात्र जागा नसलेल्या ठिकाणी चालणार. त्याच्या अंगावर मी ऊन खाल्ले, सिमेंट खाल्ले, घामाच्या मिठाने माझे पट्टे पांढुरके झाले. एकदा शेजारी लोखंड कापत होते, त्याची ठिणगी उडून माझ्या डाव्या मांडीच्या पट्ट्याची कड काळी पडली. त्याने ती बोटाने चाचपून पाहिली आणि काम सोडून मला मुकादमाकडे दाखवायला नेले. डाग वरवरचा आहे, धागा शाबूत आहे, अशी खात्री झाली तेव्हाच पुन्हा अंगात घातले. सुट्टी झाली की तो मला सावलीत खुंटीला टांगायचा. बाकीचे हसायचे. लग्नाचा शालू ठेवतोस का रे, म्हणायचे.

माझ्या भावांचे हाल तुम्हाला काय सांगू? एकाने पाण्याची टाकी बांधून ठेवली होती. दुसऱ्याची उशी झाली होती. तिसरा रोज अंगावर असायचा, पण त्याचा आकडा कशालाच न अडकता कमरेशी लोंबत राहायचा. बगलेत छत्री मारून चिंब भिजत जाणाऱ्या माणसाला तुम्ही काय म्हणाल? आमच्या साइटवर त्याला मुकादम म्हणत.

आणि मग तो दिवस आला. एका फळीचे टोक कोणीतरी बांधायचे राहिले होते. परांचीवाल्याने त्यावर पाय ठेवला, फळी झोपाळ्यासारखी उलटली आणि तो खाली गेला. ओरडायलाही त्याला सवड मिळाली नाही. मी ताणलो. माझ्या प्रत्येक धाग्याला कळले की आपण कशासाठी जन्मलो. काही धागे तिथेच तुटले, आत, खोल, कुणाला दिसणार नाही असे. पाठीवरची घडी फटकन उसवली, लाल पट्टी बाहेर आली, आणि माणूस हवेत थांबला. तो लोंबकळत होता, गरगरत होता, पण होता. मित्रांनो, "होता" हा साधा शब्द त्या दिवशी मी पेलला. याहून मोठे काम कोणी केले असेल तर त्याने पुढे यावे.

त्याला खाली उतरवले तेव्हा त्याच्या मांड्या काळ्यानिळ्या झाल्या होत्या. पण घरी तो स्वतःच्या पायांनी गेला.

आता एक नियम नीट ऐका, कारण पुढचे सगळे रामायण त्यावरच घडले. ज्या पट्ट्याने एकदा माणूस झेलला, तो संपला. बाहेरून कितीही धडधाकट दिसो, आतून किती तुटला हे कोणी सांगू शकत नाही. त्याला त्याच दिवशी कापून टाकायचे, म्हणजे चुकूनही पुन्हा कुणाच्या अंगावर चढणार नाही. माझ्यासाठीही कात्री आणली होती. पण साइटच्या कडेला एक पत्र्याची शेड आहे, तिथे माणसांना सुरक्षेचे शिक्षण देणारे मास्तर मध्ये आले. त्यांनी मला दोन्ही हातांवर घेतले आणि म्हणाले, याला कापायला माझा हात होत नाही, याच्यावर मी शिकवीन. माझ्या कडीला त्यांनी लाल चिठ्ठी बांधली. तिच्यावर लिहिले, "याने माणूस झेलला आहे. वापरू नये." मास्तर देवमाणूस, पण इथे चुकले. मानाने ठेवलेली वस्तू आणि कापून टाकलेली वस्तू यांत हाच फरक असतो, मानाची वस्तू कोणी तरी उचलू शकतो.

शेडमध्ये वाळूने भरलेला, माणसाच्या आकाराचा एक पुतळा होता. त्याला सगळे पोतेराव म्हणत. मला पोतेरावांच्या अंगावर चढवले. पोतेराव कधी पडले नाहीत, कधी घामेजले नाहीत, असला मालक मिळायला नशीब लागते. पण मला करमायचे नाही. निवृत्त माणसाला करमते का?

तिथे सुरक्षा समन्वयक तयार होत. नाव मोठे आहे, काम सांगतो. मोठ्या साइटवर दहा ठिकाणचे कंत्राटदार असतात. वरचा वेल्डिंग करतो, खालचा रंगाचे डबे उघडून बसतो. वरच्याला खालचा माहीत नाही, खालच्याला वरचा दिसत नाही, आणि मध्ये ठिणगी पडते. ही माणसे एकमेकांच्या जिवावर उठू नयेत म्हणून सगळ्यांना एकत्र बसवून, कोणी कुठे केव्हा काम करायचे हे ठरवणारा, आणि वेळ आली तर "थांबा" म्हणणारा, तो समन्वयक. "थांबा" हा त्याच्या धंद्यातला सर्वांत महाग शब्द. तो उच्चारायलाच सगळे शिक्षण.

एका नव्या तुकडीत ती आली. परांचीवाल्याची बायको. मी झेललेल्या त्या परांचीवाल्याची. जीव वाचला होता, पण उंचीच्या धास्तीने त्याचा पाय आता स्टुलावरही चढेना. घरात बल्ब बदलायचा तर शेजाऱ्याला हाक मारावी लागे. कमावते माणूस घरी बसले, तेव्हा ती उभी राहिली. मास्तरांनी तिला शेडमध्ये जागा दिली. पास झाली तर साइटवर नोकरी, नाही तर पुन्हा लोकांची धुणी. तिच्या घरची चूल या एका परीक्षेवर टांगलेली होती, आणि ते सगळ्यांना माहीत होते.

तुकडीने तिचे नाव ठेवले शंकाबाई. मास्तर बोलून संपले की हिचा हात वर. एकदा मास्तर सांगत होते की धोका दिसला तर काम थांबवायला सांगा.

तिने विचारले, "आणि सांगूनही कोणी थांबलं नाही तर?"

"तर पुन्हा सांग."

"पुन्हा सांगूनही नाही थांबलं तर?"

तुकडी हसायला लागली. मागून कोणीतरी म्हणाले, मग घरी जाऊन सासूला सांग, ती थांबवेल. मास्तर मात्र हसले नाहीत.

"मग तू तिथून हलू नकोस," ते म्हणाले. "बाकी काही हातात नसलं तरी आपले पाय आपल्या हातात असतात."

तिच्याकडून चुकाही झाल्या. सरावाच्या पहिल्याच फेरीत एक रंगारी शिडीच्या शेवटच्या पायरीवर चढलेला दिसला आणि ही खालून केवढ्याने तरी ओरडली. रंगारी दचकला आणि शिडीसकट डुलला. मास्तरांनी तिला सगळ्यांसमोर फैलावर घेतले. उंचावरच्या माणसाला खालून ओरडायचे नाही. तुझ्या ओरडण्यानेच तो पडेल. त्याच्याजवळ जायचे, त्याच्या पातळीवर उभे राहायचे आणि हळू बोलायचे. ती मान खाली घालून ऐकत राहिली. दुसऱ्या दिवशी त्या रंगाऱ्याची माफी मागून आली.

पट्टा तपासायला मास्तर डोळ्यांवर भरवसा ठेवू देत नसत. डोळा फसतो, अंगठा फसत नाही, असे त्यांचे म्हणणे. पट्टा घोड्याच्या उलट्या नालेसारखा वाकवायचा आणि अंगठा हळूहळू पुढे न्यायचा. कुठे खरखरीत, कुठे कडक, कुठे मऊ पडला आहे ते अंगठा बोलतो. तिने माझ्यावर इतका सराव केला की तिच्या अंगठ्याची रेघ न् रेघ मला पाठ झाली.

परीक्षेत डोळे मिटून पट्टा चढवायचा होता. तिथे तिचा हात अडखळायचा. म्हणून एका संध्याकाळी मास्तरांनी मला तिच्याबरोबर घरी पाठवले.

एकच खोली. खिडकीखाली ओटा, पलंगाखाली ट्रंका. परांचीवाला जमिनीवर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होता. सासूने मला पिशवीतून निघताना पाहिले आणि विचारले, "हे काय आणलंस? म्हैस घेतोय का आपण?" लहान मुलीने तोवर माझ्या मांडीच्या पट्ट्यांत डोके घातले, हात घातले, आणि माझा असा गुंता केला की माझे मलाच कळेना कुठे खांदा आणि कुठे मांडी.

परांचीवाल्याची नजर माझ्या त्या काळ्या डागावर पडली. त्याने ओळखले. तोंड फिरवले आणि एकच सदरा पुन्हा पुन्हा घडी घालत बसला. ती गुंता सोडवत होती, तो वाढत होता. शेवटी तो उठला. माझ्याजवळ आला. मला पाठीवरच्या कडीला धरून उचलले आणि एक झटका दिला. माझे सगळे पट्टे सुळकन जागच्या जागी खाली सुटले.

"असा धरायचा. कडीला. मग गुंता होत नाही," तो म्हणाला. "वळ."

त्याने मला तिच्या खांद्यांवर चढवले. मांडीचा बंद लावताना तो दोनदा चुकला. छातीचा बंद मात्र पहिल्याच खेपेला बसला.

"याने मला धरलं ना," तो म्हणाला, "तेव्हा हवेत लटकताना माझ्या डोक्यात एकच आलं. सकाळी तुझ्याशी भांडून निघालो होतो."

"कशावरून?"

"भाजीत मीठ नव्हतं."

"आजही नाहीये," सासू ओट्याजवळून म्हणाली.

तिघेही इतके हसले की मुलगी घाबरली. मग ती डोळे मिटून मला काढत राहिली, घालत राहिली, आणि तो शेजारी बसून नुसते "हं" म्हणत राहिला. चूक झाली की "हं"चा सूर बदलायचा. तेवढ्यावरून ती हात सावरायची. मित्रांनो, हवेत झेलले तेव्हा मी त्या माणसाचे शरीर वाचवले होते. बाकीचा माणूस त्या संध्याकाळी परत यायला लागला. त्याचेही थोडे श्रेय मी घेतो, कोणी देवो न देवो.

डोळे मिटायची परीक्षा ती पास झाली. राहिला शेवटचा टप्पा, खऱ्या साइटवरचा सराव. तिथे ती कशी वागते ते साइटचे मोठे साहेब पाहणार आणि त्यांनी "चालेल" म्हटले की मास्तर तिला पास करणार.

हेच ते साहेब. ज्यांच्याशी मी सुरुवातीला बोलत होतो ते.

बाहेरून मोठी माणसे पाहणीला येणार होती. वरच्या मजल्यावरच्या टोळीत बेल्ट कमी पडत होते, कारण नवे मागवायचे साहेबांच्या लक्षातच राहिले नव्हते. मास्तर त्या दिवशी डॉक्टरकडे गेले होते. साहेबांना शेडची आठवण झाली. शिपाई आला, त्याने पोतेरावांना उघडे केले आणि मला साहेबांच्या टेबलावर आणून टाकले. तिथे चिठ्ठीचे जे झाले ते मी सांगितलेच आहे. मग मला साबणाच्या पाण्यात बुडवले. वर्षानुवर्षांचा घाम, सिमेंट, सगळे निघाले. उरली ती उसवलेली घडी आणि तिच्यातून डोकावणारी लाल पट्टी.

"ही शिवून आण," साहेब म्हणाले.

शिपाई मला कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे घेऊन गेला. बिचाऱ्या शिंप्याने विचारले, हे कशाचे आहे? शिपायाने सांगितले, दप्तराचे समज. शिंपी कसबी माणूस. दप्तर आहे, पोरगे ओढणार, म्हणून त्याने लाल पट्टी आत दडपली, पोती शिवायचा जाड दोरा घेतला आणि घडीवर उभे-आडवे टाके घातले. "जन्मभर उसवणार नाही," तो अभिमानाने म्हणाला. त्याचा मला राग नाही. चष्मेवालीने जी जीभ मला दिली होती, ती त्याने नकळत शिवून टाकली. कळून कोणी शिवायला लावली, ते मला माहीत आहे.

मला साहेबांच्या हातात दिले तेव्हा त्यांनी ती घडी अंगठ्याने दाबून पाहिली आणि मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका वेल्डरच्या हातात होतो. पिकलेल्या मिशांचा मनुष्य, सगळी साइट त्याला मामा म्हणे. वरच्या मजल्यावर कठडा लावलेली जागा होती आणि तिच्यापुढे एक तुळई बाहेर उघड्यावर गेली होती. तुळईच्या टोकाला त्याला जोड द्यायचा होता. खाली बघितले तर माणसे मुंग्यांएवढी. मला ओरडता येत असते तर मी सगळी इमारत हलवली असती. मला माझ्या आतले तुटलेले धागे माहीत होते. मी याला झेलू शकणार नाही, हे मला माहीत होते, आणि मी साबणाचा वास घेऊन गप्प लोंबत होतो.

ती खाली फेरीवर होती. वर पाहिले, मामा पट्टा चढवतोय एवढेच तिला दिसले. काय खटकले तिलाच माहीत. कदाचित त्या टोळीत अचानक इतका स्वच्छ पट्टा आला कुठून, हे. पण ती खालून ओरडली नाही. माणसे वाहणाऱ्या पाळण्यात बसून वर आली, कठड्याच्या आत मामाशेजारी उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "मामा, जायच्या आधी एकदा बघू द्या."

"बघ की पोरी. आज राजा दिसतोय मी. माझ्या टॉवेलापेक्षा स्वच्छ आहे हा."

तिने खांदे पाहिले, छाती पाहिली. अंगठा पाठीकडे आला. घडीवर थांबला. पुढे गेला, परत आला. मऊ हवी ती जागा लाकडासारखी कडक होती. तिने मामाला वळवले, आणि डाव्या मांडीवरचा काळा डाग तिच्या समोर आला. तिने मला ओळखले.

"मामा, हा काढा."

"का?"

"हा मेलेला आहे."

"मेलाय तर इतका गोरागोमटा कसा?"

"काढा मामा. पाया पडते."

मामाने तिच्या तोंडाकडे पाहिले आणि बंद सोडले. पण टोळीचा मुकादम चिडला. पाहणीवाले यायची वेळ झाली होती आणि वरच्या मजल्यावर काम थांबलेले दिसत होते. शिकाऊ बाईला कोणी अधिकार दिला, असे तो विचारू लागला. अधिकार तिला नव्हता, हे खरेच होते. तिने मला उराशी धरले, कठड्याला पाठ लावली आणि तिथेच उभी राहिली. मुकादमाने साहेबांना फोन लावला.

साहेब वर आले. पांढरी टोपी, कडक इस्त्रीचा सदरा. त्यांनी आधी मामाकडे पाहिले, मग तिच्याकडे, आणि सगळ्यात शेवटी माझ्याकडे.

"काय आहे हे?"

"साहेब, हा शेडमधला पट्टा आहे. याने माणूस झेललाय. घडी कुणीतरी शिवून टाकलीय."

"हा पट्टा चांगला आहे. मी स्वतः तपासलाय."

"साहेब, मी ओळखते याला."

साहेबांनी आवाज खाली आणला. "तुझं शिक्षण अजून संपलेलं नाही, लक्षात आहे ना? तुझ्या घरची परिस्थिती मला माहीत आहे. मी चालेल म्हटलं तर तू पास. तो मामाला घालू दे आणि खाली जा. आपण दोघं हे विसरून जाऊ."

मित्रांनो, मी तिच्या उराशी होतो. तिच्या डोळ्यांपुढे काय आले असेल ते मला माहीत आहे, कारण ती खोली मी पाहिली होती. ओटा, ट्रंका, सदऱ्याची पुन्हा पुन्हा घातलेली घडी. एक शब्द गिळला असता तर सगळे सुरळीत झाले असते.

तिने मला उरापासून दूर केले. कडीला धरले, एक झटका दिला आणि माझे सगळे पट्टे सरळ खाली सोडून मला साहेबांपुढे धरले.

"चांगला आहे ना साहेब? मग घाला. त्या तुळईच्या टोकापर्यंत जाऊन या. तुम्ही आलात की मी स्वतःच्या हाताने हा मामांना चढवते, आणि जन्मात पुन्हा शंका काढणार नाही."

मामा आणि मुकादम दोघेही साहेबांकडे बघू लागले.

साहेबांनी मला घेतले. सगळे बघत होते, त्यामुळे घ्यावेच लागले. त्यांनी एक हात माझ्या खांद्याच्या पट्ट्यातून घातला. मला त्यांच्या सदऱ्याची इस्त्री लागली. आणि मग त्यांचा दुसरा हात मागे आला, आपोआप आला, आणि त्या घडीवर थांबला. शिंप्याच्या जाड टाक्यांवरून त्यांचा अंगठा फिरला. त्यांची नजर तुळईवरून टोकापर्यंत गेली आणि तिथून खाली गेली.

त्यांनी मला उतरवले. कठड्यावर टाकले. "मला वेळ नाही, पाहुणे आलेत," असे काहीतरी म्हणाले आणि पाळण्याकडे चालू लागले.

पाळण्याचे दार बंद झाले तेव्हा मामाने हातमोजे काढले आणि तो फळीवर बसला, मागोमाग टोळीही बसली. मग मुकादमाने, हो, त्याच मुकादमाने, आपला आकडा तपासून पाहिला. त्या दिवशी वरच्या मजल्यावर पाहणीवाल्यांना बसलेली माणसे दिसली. ती का बसली आहेत, हे त्यांनी मामालाच विचारले, आणि मामाने सांगितले.

तिने मुकादमाकडून पत्रा कापायची कात्री मागून घेतली. मास्तरांचा हात झाला नव्हता, तिचा झाला. खांदे कापले, मांड्या कापल्या. मला दुखले नाही. मला अभिमान वाटला. लाकडाचा चुरा होतो, लोखंडाला गंज चढतो, माझा शेवट मात्र अशा हाताने झाला जो मला ओळखत होता. पाठीवरचा घडीचा तुकडा तिने खिशात घातला आणि घरी नेला. परांचीवाल्याने त्यावरचे पोत्याचे टाके ब्लेडने एकेक करून उसवले. लाल पट्टी बाहेर आली. मला पुन्हा बोलता यायला लागले, म्हणून तर हे सगळे तुमच्या कानावर आले.

मित्रांनो, तुमच्या घरातले कोणी उंचावर जात असेल तर त्याच्या पट्ट्यावरून एकदा तुमचा अंगठा फिरवा. लहान अंगठा आहे म्हणून लाजू नका. आणि कधी कोणी "थांबा" म्हणाले, तर आधी थांबा, मग भांडा. मला एवढेच सांगायचे होते तुम्हाला.

आता तुम्ही, साहेब. पाहणीवाल्यांनी मामाचे म्हणणे लिहून नेले, तरी तुमची खुर्ची अजून जागच्या जागी आहे. मास्तरांनी तिला पास म्हटले आहे, तुम्ही अजून "चालेल" म्हटलेले नाही. रोज सकाळी ती फाटकाशी येऊन उभी राहते आणि दरवान तिला सांगतो, निकाल राखून ठेवला आहे. तो तुम्ही किती दिवस राखता ते राखा. तिला उभे राहता येते, हे तुम्ही पाहिले आहे. मला फक्त एक विचारायचे आहे. तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलेत की पट्टा चांगला आहे, तुम्ही स्वतः तपासला आहे. मामाला चालणार होता. मामाच्या बायकोपोरांना चालणार होता. मग तुमच्या खांद्यावर चढलेला मी तुम्ही उतरवलात का? पाहुण्यांचे कारण नको. मुकादमावर ढकलू नका. त्या घडीवर तुमचा अंगठा थांबला तेव्हा तुम्हाला काय कळले, ते तुमच्या तोंडाने सांगा. उत्तर द्या, साहेब.